समोरच्याची जागा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे लक्ष दिलं नसेल. दिल्लीत चहाच्या टपरीशेजारी, चौकीदाराच्या खोपीपाशी, लष्करी क्वार्टरच्या व्हरांड्यात मी असतोच. बसका, कमरेत बारीक, डमरूसारखा. काड्यांच्या अशा बिनपाठीच्या आसनाला इकडे मुढा म्हणतात. तर मी असा एक मुढा आहे. जुना आहे, आणि हल्ली बसणाऱ्याला घेऊन थोडा डावीकडे कलतो.

माझा जन्म हरयाणातला. तिथे तळ्यांच्या काठी सरकंडा नावाचं माणसाहून उंच गवत वाढतं. त्याच्या काड्या वाळवून एका म्हाताऱ्या बाईनं मला बांधलं. वर मुंज गवताची दोरी, बुडाला जुन्या टायरची पट्टी. ती आपल्या सुनेला शिकवत होती. काड्या सरळ उभ्या लावल्या तर बसणारा आपटतो, असं ती सांगायची. एक काडी डावीकडे झुकलेली हवी, तर दुसरी उजवीकडे. एकीला दुसरी आडवी गेली की दोघी मिळून माणसाचं वजन पेलतात. सून जांभया देत होती. मी मात्र ऐकलं, कारण बोलणं माझ्याच अंगाबद्दल चाललं होतं.

पुढे मला पानिपतच्या हमरस्त्यावर विकायला ठेवलं. दिल्लीला बदली झालेलं मराठी कुटुंब एकदा तरी पानिपतला जाऊन येतंच. हरलेल्या लढाईच्या जागेवर इतक्या भक्तीनं हात जोडणारे लोक दुसरे कुठले असतील, मला ठाऊक नाही. परतताना ते घोंगड्या घेतात, चादरी घेतात. हवालदार युवराज यांनी मला घेतलं. त्यांच्या पत्नी सुनयना म्हणाल्या, "अहो, ट्रंकेत मावणार नाही हा. पुढच्या बदलीला काय डोक्यावर नेणार?" युवराज म्हणाले, "पुढचं पुढे." फौजेतल्या माणसाचं बरंचसं सामान याच दोन शब्दांवर घरात येतं.

असा मी दिल्ली छावणीतल्या त्यांच्या क्वार्टरात आलो. घरात तिघं. युवराज, सुनयना आणि त्यांची मुलगी कृतिका. ती तेव्हा लहान होती. ती माझ्यावर उभी राहून खिडकीतून परेड बघायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात हलके दिवस.

सुनयनाताईंचं शिक्षण लग्नाबरोबर थांबलं होतं. मग नवऱ्याच्या प्रत्येक बदलीच्या गावी त्या थोडं थोडं शिकत गेल्या. कोणाची जुनी पुस्तकं मागून, रद्दीतले अग्रलेख कापून. दिल्लीत त्यांच्या लक्षात आलं, की क्वार्टरांतली मराठी मुलं मराठी विसरत चालली आहेत. "उंबरठा" म्हटलं की पोरं तोंडाकडे बघत. म्हणून रविवारी सकाळी व्हरांड्यात त्यांनी वर्ग सुरू केला. पत्र, गोष्ट, आणि मुख्य म्हणजे निबंध. तोही "माझा आवडता प्राणी" छापाचा नव्हे, तर एखादं म्हणणं मांडून ते दुसऱ्याला पटवून द्यायचा निबंध.

त्यांचं शिकवणं मी इतक्यांदा ऐकलं, की मला हात असते तर मीही लिहिलं असतं. त्या म्हणायच्या, "तुमचं म्हणणं आधी एका वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर ते अजून तुमचं झालेलंच नाही." त्या म्हणायच्या, "फार, अतिशय, अत्यंत, हे शब्द म्हणजे पुरावा नव्हे. काय घडलं ते सांगा, मोठं की छोटं ते वाचणारा ठरवेल." कारणं मोजकी घ्या, आणि सगळ्यात जड कारण शेवटी ठेवा, ते आधीच वाढलं तर पुढचं ताट फिकं लागतं. आणि शेवटच्या परिच्छेदात तेच तेच परत दळू नका. पटलं असेल तर आता समोरच्यानं काय करायचं, ते सांगा आणि थांबा.

पण या सगळ्याच्या मध्ये एक पायरी होती, आणि ती पायरी म्हणजे मी.

त्यांचा नियम असा होता. निबंध लिहिण्याआधी प्रत्येकानं माझ्यावर येऊन बसायचं आणि विरुद्ध बाजू बोलायची. नुसती नावाला नाही. विरुद्ध बाजूचा माणूस समोर असता तर त्यानं मान डोलवून "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हटलं असतं, इतकी चांगली. तोवर उठायचं नाही. समोरच्याचं जे खरं असेल, ते निबंधातही खरं म्हणून मान्य करायचं, आणि मगच आपलं उत्तर द्यायचं.

शेजारच्या क्वार्टरातला ऋग्वेद मला चांगला आठवतो. त्याला शाळेत मोबाईल हवा होता. ताईंनी त्याला बरोब्बर उलट बाजूला बसवलं.

"काकू, पण मी तर मोबाईलच्या बाजूनं आहे!"

"म्हणून तर बस."

तो बसला, पाय हलवत म्हणाला, "विरोधक म्हणतात की मोबाईलनं मुलं बिघडतात. कारण त्यांना स्वतःला फोन चालवता येत नाही."

मुलं हसली. ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "हे विरोधकाचं म्हणणं झालं, की विरोधकाची टिंगल?"

"टिंगल," ऋग्वेद ओशाळून म्हणाला.

"कागदी पैलवान उभा करायचा आणि त्याला चितपट करायचं, यात कसली आलीय कुस्ती? बसून राहा."

तो बराच वेळ बसून राहिला. मग एकदम म्हणाला, की वर्गात काही मुलांकडे भारी फोन असतील आणि काहींकडे नसतीलच, आणि नसलेल्यांना रोज ते बघावं लागेल. ताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, तेव्हा मला त्या म्हाताऱ्या बाईचं बोलणं आठवलं. आडवी गेलेली काडीच वजन पेलते.

मुलं मला "विरोधकाचं आसन" म्हणू लागली. माझ्यावर नवी गादी आली. ते माझ्या कौतुकाचे दिवस होते.

कृतिका या वर्गात सगळ्यांत हुशार. नववीत गेली तोवर ती कुणालाही काहीही पटवू शकत होती. बापाला सहलीची परवानगी, आईला नवं दप्तर, वर्गशिक्षकांना उद्याची परीक्षा परवा. "हिच्याशी वाद घालायचा म्हणजे वकील लावावा लागेल," असं युवराज अभिमानानं म्हणायचे.

नववीतल्या त्या हिवाळ्यात तिचे आजोबा, युवराजांचे वडील ज्ञानोबा, साताऱ्याकडच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. तेही जुने फौजी. बोलणं कमी, उभं राहणं ताठ. आजी जाऊन काही वर्षं झाली होती, गावी ते एकटेच राहत. रोज सकाळी व्हरांड्यात माझ्यावर बसून, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून, ते दाढी करायचे. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात दाढीचे दोन ब्रश होते.

"दोन दोन कशाला, आजोबा?" कृतिकानं एकदा विचारलं.

"ह्यो माझा. त्यो पांडूचा. घाईत आला माझ्यासंगं."

पांडू म्हणजे त्यांचा गावातला मित्र. दोघं एकाच पलटणीत भरती झाले, एकाच वर्षी घरी आले. त्यांना रोज संध्याकाळी आजोबांचा फोन जायचा. पांडूआजोबांचं बोलणं आजारानं जड झालं होतं, म्हणून बोलायचे ते आजोबाच. पहिला प्रश्न ठरलेला. "काय रं, दाढी केली का?" मग पलीकडचं काहीतरी ऐकून ते गप्प व्हायचे. घरात तो प्रश्न म्हणजे एक गंमतच झाली. कृतिका मिशी नसलेल्या ओठावर बोट ठेवून आजोबांची नक्कल करायची, "काय रं, दाढी केली का?" सगळे हसायचे. आजोबाही हसायचे, पण थोडे उशिरा.

डोळा बरा झाला. आजोबा विचारू लागले, "कधी बसवताय मला गाडीत?" युवराजांनी तिकीट काढलं खरं, पण घरात कुणाच्याच मनात त्यांना पाठवायचं नव्हतं. ते मागच्या वर्षी परसात घसरून पडले होते आणि बराच वेळ तसेच पडून राहिले होते. सुनयनाताईंना ते आठवलं की झोप लागत नसे.

नेमकी तेव्हाच दिल्लीतल्या एका मराठी मंडळाची निबंध स्पर्धा आली. विषय होता, "आपल्या माणसाला एक गोष्ट पटवून द्या." कृतिकानं टाळी वाजवली. "आई, मी आजोबांना पटवते. इकडेच राहा म्हणून. प्राइज पण आणि आजोबा पण, दोन्ही बिल्कुल पक्कं!"

तिनं निबंध मनापासून लिहिला, यात शंका नाही. पहिल्याच ओळीत म्हणणं. मग परसातलं ते पडणं, एकही विशेषण न लावता. मग दवाखाना किती जवळ, हे. आणि सगळ्यात जड कारण शेवटी, "आजोबा, तुम्ही आल्यापासून बाबा घरी लवकर येतात." वाचताना ताईंनी डोळ्याला पदर लावला.

मग त्यांनी विचारलं, "आसनावर बसलीस?"

"बसते ना." कृतिका माझ्यावर टेकली. नुसती टेकली, बसली नाही. मला वजनातला फरक कळतो. "दिल्लीची हवा खराब आहे, आणि मला इथे करमत नाही. झालं. दोन्हीला उत्तरं लिहिलीत मी. हवेसाठी मास्क, आणि करमायला पार्कातले बाकीचे आजोबा."

एरवी ताई म्हणाल्या असत्या, बसून राहा. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मुलीचा निबंध त्यांच्याच मनातलं बोलत होता. मित्रांनो, आपल्याला हवं असलेलंच जेव्हा कुणी छान मांडतं, तेव्हा त्यातली भोकं आपल्याला दिसत नाहीत. माझ्या काड्यांनाही तेव्हा काही सुचलं नाही.

रविवारी निबंध आजोबांना वाचून दाखवायचं ठरलं. विरोधक म्हणून ते माझ्यावर बसले. कृतिकानं उभं राहून वाचलं. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं तिला येत होतं. संपल्यावर तिनं हसून विचारलं, "बोला, आजोबा. तुमचा काही मुद्दा?"

आजोबा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "तसं... तिकडं एक काम असतंय माझं."

"कुठलं काम? शेत तर वाट्यानं दिलंय."

"शेताचं न्हाय."

"मग मुद्दा सांगा ना. मी खोडून दाखवते!"

सगळे हसले. आजोबांनी तोंड उघडलं. त्यांचे हात माझ्या कडेवर दाबले गेले, कुणी उठायच्या आधी दाबतं तसे. मग ते सैल पडले.

"मुद्दा असा काय न्हाय," ते म्हणाले. "हरलो बाबा. पोरगी वकील हाय."

कृतिका त्यांच्या गळ्यात पडली. युवराजांनी तिकीट रद्द केलं. त्या दिवशी घरात श्रीखंड झालं.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. कृतिकानं व्यासपीठावरून माझाही उल्लेख केला म्हणे. आजोबा पहिल्या रांगेत, गुळगुळीत दाढी करून बसले होते. बक्षिसाची ढाल टीव्हीच्या वरच्या फळीवर लागली. आजोबा पार्कात जाऊ लागले. तिथल्या बाकावरचे बाकीचे आजोबा हिंदीत बोलत, हे ऐकत. संध्याकाळचा फोन चालू होता. "काय रं, दाढी केली का?" आणि मग गप्प.

उन्हाळ्यात एका दुपारी पांडूआजोबांच्या पुतण्याचा फोन आला. ते गेले होते. पुतण्या म्हणाला, शेवटचं बघून घ्या, आणि त्यानं फोनचा कॅमेरा लावला. आजोबा माझ्यावरच बसले होते. फोन त्यांच्या हातात होता, कृतिका मागे उभी होती. पडद्यावर एक म्हातारा चेहरा होता. गळा झाकणारी पांढरी, गुंतलेली दाढी.

आजोबांनी बराच वेळ बघितलं. मग फोन कृतिकाच्या हातात दिला.

"दाढी तशीच ठेवली त्याची," ते म्हणाले.

चार वाजताचा चहा गार झाला. मग कृतिका माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, पांडूआजोबांची दाढी... तुम्ही करायचात?"

"त्याची उजवी बाजू गेली हुती. हात उचलत नव्हता. रोज सकाळी मी जायचो. माझी व्हायची, मग त्याची. फौजी माणूस, खुंट वाढलेला त्याला चालायचा न्हाय. न्हाव्याला बोलवला तर मान फिरवायचा. दुसऱ्याच्या हातात गळा द्यायचा न्हाय तो."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? त्या दिवशी? मी विचारलं होतं ना!"

आजोबा तिच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावल्यासारखं म्हणाले, "तू मुद्दा विचारत हुतीस, पोरी. हवा, दवाखाना, बापाचं लवकर येणं. केवढं मोठं मोठं. त्यात मी काय म्हणू? एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याची दाढी करायचीय? ह्यो काय मुद्दा हाय का?"

कृतिका उठून आत गेली. टीव्हीवरची ढाल तिनं काढून कपाटात उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आजोबांची दाढी आटोपल्यावर ती बाहेर आली. "आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसा जरा. मला इथं बसायचंय." ती माझ्यावर बसली. या वेळी पूर्ण वजनानं. सुनयनाताई कणीक मळता मळता दारात येऊन थांबल्या.

"माझं म्हणणं असं आहे," कृतिका म्हणाली, आणि तिचा नेहमीचा आवाज त्यात नव्हता, "की मला गावी जाऊ द्या. मी पडेन, हे खरं आहे. दवाखाना लांब आहे, हेही खरं. तुमची माया तर खरीच आहे. पण इथे सगळे माझं करतात. पाणी हातात, औषध हातात. मी कुणाचंच काही करत नाही. तिकडे एक माणूस रोज सकाळी माझी वाट बघतो. तो सगळ्या जगात फक्त माझ्यासमोर मान वर करतो. मी गेलो नाही तर त्याला वाटेल, ज्ञानोबा विसरला. मी जगावं म्हणून मला इथे ठेवताय. पण मी ज्याच्यासाठी उठतो, तो तिकडे आहे."

ती थांबली. नियमाप्रमाणे ती उठली नाही.

आजोबांनी मान डोलवली. "हां," ते म्हणाले. "मला हेच म्हणायचं हुतं. मला एवढं नीट आलं नसतं."

"मग तिकीट काढू?" दारातून ताईंचा आवाज आला. "अण्णा, आजच काढते. आम्ही चुकलो."

"आता कशाला, सूनबाई?" आजोबा म्हणाले. "बाजू चांगली मांडली पोरीनं. पण बाजूला माणूस न्हाय ऱ्हायला."

मित्रांनो, त्या वर्गात मी शेकडो निबंध ऐकले. त्या सगळ्यांत हा उत्तम होता. तो कागदावर उतरला नाही, त्याला ढाल मिळाली नाही, आणि तो कुणाच्याही कामी आला नाही.

आजोबा अजून इथेच आहेत. वर्ग चालू आहे, पण नियम बदलला. आता ताई मुलांना माझ्यावर लगेच बसू देत नाहीत. म्हणतात, "आधी ज्याला पटवायचंय त्याच्याकडे जा. त्याला विचार. तो बोलायला लागेपर्यंत थांब. तो गप्प बसला म्हणजे तू जिंकलास असं नव्हे. मग ये आणि बस." मुलांना याचा कंटाळा येतो. काही मुलं यायची थांबली. ऋग्वेद येतो. कृतिका वाद जिंकत नाही हल्ली. म्हणजे जिंकू शकते, पण मध्येच थांबते आणि विचारते, "तुम्हाला आणखी काही म्हणायचंय का?" आणि मग खरंच थांबते. बापाला आता तिच्या वकिलीपेक्षा या थांबण्याचीच भीती वाटते.

माझं म्हणाल, तर माझी गादी फाटली आहे. कमरेची दोरी एका बाजूनं तुटली, तेव्हा आजोबांनी नायलॉनची सुतळी आणून, दात ओठ खाऊन, मला पुन्हा आवळलं. युवराजांची बदली आली आहे. व्हरांड्यात काळ्या ट्रंका उघड्या पडल्यात आणि प्रत्येक वस्तूकडे बघून कुणी ना कुणी म्हणतं, "हे न्यायचं का?" माझ्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही. मी ट्रंकेत मावत नाही, हे सुनयनाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं बिनतोड आहे.

तरी मला कुणी विचारलं, तर माझी बाजू एवढीच. मी सरकंड्याचा आहे, ओल लागली की कुजतो, उन्हात ठेवलं की टिकतो. मला वर्षातून एकदा आवळावं लागतं. एवढं केलंत तर मी पुष्कळ वर्षं तुमच्यासमोर रिकामा राहू शकतो. तुमच्या घरात मुढा नसेल तर खुर्ची चालेल, पाट चालेल. पण काही पटवून द्यायला बसाल तेव्हा समोर एक जागा ठेवा, तिथे खऱ्या माणसाला बसवा, आणि त्याचं कारण कितीही लहान निघालं तरी हसू नका. त्याला ते सांगायचा धीर यायला वेळ लागतो.

आज सकाळीही आजोबांनी माझ्यावर बसून दाढी केली. आरसा उतरवला, वाटीतलं पाणी तुळशीत न टाकता नळाखाली ओतलं. मग डब्यातले दोन्ही ब्रश काढले, दोन्ही धुतले, झटकले, आणि वाळायला माझ्या कडेवर शेजारी शेजारी उभे केले. एक वापरला होता म्हणून. दुसरा कुणी वापरलाच नव्हता, तरीही.